हाताची सवय लागेल म्हणून बाळाला खाली ठेवावे का?

बाळ दीड महिन्याचे झाले की पहिल्या लशींसाठी आया दवाखान्यात येतात. वजन होते, लस टोचली जाते, बाळ रडून शांत होते आणि निघता निघता एक प्रश्न हमखास विचारला जातो, "डॉक्टर, याला सारखे घेतले तर हाताची सवय लागेल का हो?" त्याच्या पाठोपाठ आणखी दोन प्रश्न असतात. बाळाला कुशीत घेऊन झोपावे की वेगळे झोपवावे? आणि दूध घड्याळ बघून पाजावे की मागेल तेव्हा?

वीसहून अधिक वर्षे मी नवी मुंबईत लहान मुलांना तपासते आहे. या तीन प्रश्नांना या शहरात घरोघरी निराळे उत्तर मिळते. करावे, दारावे, दिवाळे, घणसोली या गावांतली आजी नातवाला जुन्या लुगड्याच्या झोळीत घालते, रडला की कडेवर घेते आणि रात्री सुनेच्या कुशीत देते. तिला यात विचारण्यासारखे काही वाटत नाही. सिडकोने १९७० नंतर वसवलेल्या वाशी, नेरूळ, खारघरच्या इमारतींत मात्र पुष्कळदा नवरा-बायको दोघेच असतात. आई आणि सासूबाई महिना-दोन महिने राहून गावी परततात आणि मग सल्ला मोबाईलवरून येतो. त्यात कोणी म्हणते बाळाला क्षणभरही दूर ठेवू नका, तर कोणी म्हणते वेगळ्या खोलीत झोपवून रडू द्या, आपोआप शिकेल. तिसरे घर आहे बांधकामावर आणि दगडखाणीत राबणाऱ्या बाईचे. तिला सल्ला द्यायला कोणी नाही आणि ऐकायला सवडही नाही.

आज या तीनही गोष्टींचा, म्हणजे अंगावर पाजणे, अंगाशी घेऊन वावरणे आणि जवळ झोपवणे यांचा, एकत्र विचार करू. आजीचे कोठे बरोबर, पुस्तकाचे कोठे बरोबर आणि दोघांनीही सावध कोठे राहायचे, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण यातल्या काही चुका जिवावर बेततात.

हे घड्याळ आले कोठून?

बाळाला चार-चार तासांनी पाजावे, रात्री पाजू नये, फार जवळ घेऊ नये, हा विचार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाश्चात्त्य देशांत जोरात होता. न्यूझीलंडचे डॉ. ट्रूबी किंग यांनी बाळ वाढवण्याचे कडक वेळापत्रकच घालून दिले होते. जॉन वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२८ सालच्या आपल्या पुस्तकात मुलांना कुरवाळण्यापासून आयांना परावृत्त केले आणि सकाळी त्यांच्याशी हस्तांदोलन करावे, असे सुचवले. आज हे वाचून हसू येते. परंतु त्या काळी ते शास्त्र समजले जाई.

पुढे हे चित्र पालटले. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला. युद्धात आणि अनाथालयांत आईपासून तुटलेल्या मुलांच्या अभ्यासावरून त्यांनी दाखवले की, एका जवळच्या माणसाची सततची माया ही मुलाची अन्नाइतकीच मूलभूत गरज आहे. १९५० च्या दशकात हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिल्लांवर प्रयोग केले. एका बाजूला तारेची, दूध देणारी खोटी आई ठेवली आणि दुसऱ्या बाजूला मऊ कापडाची, दूध न देणारी. पिल्ले दुधापुरती तारेकडे जात आणि बाकी सारा वेळ कापडाला बिलगून राहत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डॉ. विल्यम सीअर्स आणि त्यांच्या पत्नी मार्था यांनी अंगावर पाजणे, अंगाशी बांधून नेणे आणि जवळ झोपवणे या तिन्हींना एकत्र गुंफून एक पद्धत म्हणून मांडले. त्यांची पुस्तके जगभर खपली. आपल्या करावे गावच्या आजीला हे सांगितले तर ती म्हणेल, "यात नवीन ते काय?"

मात्र आजीचे सगळेच बरोबर, असेही नाही. ते पुढे ओघाने येईलच.

सवय की गरज?

गाईचे वासरू जन्मल्यावर तासा-दोन तासांत उभे राहते. माणसाचे मूल वर्षभराने चालू लागते. त्याच्या मेंदूची पुष्कळशी वाढ जन्मानंतर व्हायची असते. त्याला अंगाची ऊब नीट राखता येत नाही, मान धरता येत नाही आणि भूक, थंडी, ओले दुपटे, भीती हे सारे सांगायला त्याच्यापाशी रडणे ही एकच भाषा असते. आपण रडलो की आई घेते, मग मुद्दाम रडू, असा हिशेब करण्याइतकी समज पहिल्या काही महिन्यांच्या बाळाला नसते. म्हणून या वयात 'लाडावणे' हा शब्दच लागू पडत नाही.

यावर अभ्यासही झाले आहेत. कॅनडात मॉन्ट्रियल येथे १९८६ साली ९९ आया आणि त्यांच्या बाळांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या आयांना सांगितले होते की, बाळ रडो न रडो, दिवसाकाठी निदान तीन तास जास्त त्याला अंगाशी घ्या. सहा आठवड्यांच्या वयात ही बाळे दुसऱ्या गटापेक्षा ४३ टक्के कमी रडत होती. न्यूयॉर्कमध्ये १९९० साली झालेल्या एका छोट्या अभ्यासात काही गरीब आयांना प्रसूतीनंतर बाळ अंगाशी बांधायची कापडी पिशवी दिली आणि काहींना बाळाला बसवायची प्लॅस्टिकची खुर्ची. तेरा महिन्यांनी पाहिले तेव्हा कापडी पिशवीच्या गटातली ८३ टक्के मुले आईशी निर्धास्त नाते जुळलेली आढळली, तर खुर्चीच्या गटातली ३८ टक्के. म्हणजे अंगाशी राहिलेली मुले चिकट न होता उलट निर्धास्त झाली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ज्या बाळांना आधीच तासन्‌तास कळवळून रडण्याचा त्रास आहे, त्यांच्यावर मॉन्ट्रियलच्याच संशोधकांनी १९९१ साली हा उपाय करून पाहिला, तेव्हा तसा गुण आला नाही. तेव्हा घेऊनही बाळ रडत राहिले तर आईने स्वतःला दोष देऊ नये. अशी बाळे साधारण तीन-चार महिन्यांत आपोआप शांत होतात.

दूध : मागेल तेव्हा आणि मागेल तितके

सीवूड्सच्या एक बाई दोन वर्षांपूर्वी सहा आठवड्यांचे बाळ घेऊन आल्या. जन्मवजन २ किलो ९०० ग्रॅम आणि आताचे ३ किलो १००. या वयात सहज पावणेचार किलोच्या आसपास असायला हवे होते. बाई शिकलेल्या, नीटनेटक्या. पाजण्याच्या वेळांचा तक्ता त्यांनी वहीत आखलेला होता. दर चार तासांनी दहा-दहा मिनिटे आणि रात्री अकरानंतर एकदम पहाटे पाच. "मध्ये रडतो, पण शिस्त लागावी म्हणून मी थांबते," त्या म्हणाल्या. दूध कमी असल्याची त्यांची समजूत झाली होती आणि पावडरचा डबा घरात येऊन पडला होता. तपासणीत बाळात दुसरा काही दोष नव्हता. मी डबा बाजूला ठेवायला सांगितला आणि वहीही. बाळ मागेल तेव्हा, रात्रीसुद्धा, पाजा आणि पंधरा दिवसांनी या. पंधरा दिवसांत बाळाने साडेचारशे ग्रॅम वजन मिळवले.

यात जादू काही नाही. स्तन ही साठवणीची टाकी नव्हे, तो वाहता झरा आहे. बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते. दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त स्रवते, म्हणून रात्रीचे पाजणे बंद केले की दिवसाचेही दूध आटते. दूध बाहेर सोडणारे ऑक्सिटोसिन आईच्या मनावर अवलंबून असते. बाळाचा स्पर्श, वास, आवाज याने ते वाढते आणि काळजी, भांडण, वेदना याने अडते. "तुझे दूधच पुरत नाही" हे वाक्य घरात दहा वेळा ऐकवले तर खरोखरच दूध उतरायला वेळ लागतो. सासूबाईंनी आणि शेजारणींनी एवढे एक वाक्य टाळले तरी मोठे काम होईल.

दूध पुरते आहे हे ओळखायचे कसे? पहिला आठवडा उलटल्यावर बाळ दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लघवी करते, दोन आठवड्यांच्या आत जन्मवजनावर परत येते आणि पुढे पहिले तीन महिने रोज सरासरी वीस ते तीस ग्रॅमने वाढते. हे होत असेल तर दूध पुरते आहे, मग बाळ कितीही वेळा मागो. भूक ओळखायला रडण्याची वाट पाहू नये. तोंड इकडेतिकडे वळवणे, जीभ बाहेर काढणे, मूठ चोखणे ही आधीची लक्षणे आहेत.

जन्मल्यावर पहिल्या तासात बाळाला आईच्या उघड्या अंगावर ठेवावे आणि पाजावे. पहिले घट्ट पिवळे चिकाचे दूध पिळून टाकू नये. बाळाची ती पहिली लसच आहे. मध, साखरेचे पाणी, घुटी, गाईचे दूध यांपैकी काहीही देऊ नये. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचे दूध द्यावे, एप्रिल-मेच्या उकाड्यातही वर पाणी नको, कारण त्या दुधात लागेल तेवढे पाणी असतेच. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करावे आणि अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही चालू ठेवावे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळे होती अवघी ४१.८ टक्के, आणि सहा महिन्यांच्या आतली फक्त आईच्या दुधावरची बाळे ६३.७ टक्के. बहुतेक प्रसूती आता रुग्णालयात होतात, तरी पहिला तास हुकतो. प्रसूतीला जाण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना हे सांगून ठेवावे.

या बाबतीत आपला महाराष्ट्र मागे नव्हता, हे वाचकांना ठाऊक असावे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. ज्यांच्या आईला दूध येत नाही किंवा आई अत्यवस्थ आहे अशा नाजूक बाळांना तेथे दुसऱ्या आयांनी दिलेले, तपासून निर्जंतुक केलेले दूध मिळू लागले. स्तनपानाच्या प्रचारासाठी झटणारी देशव्यापी संघटना १९९१ साली वर्ध्यात स्थापन झाली. १९९२ साली संसदेने कायदा करून बाळाच्या पावडरच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी आणली, आणि २००३ साली तो आणखी कडक करून दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या डबाबंद अन्नालाही लागू केला. एखाद्या दुकानात किंवा रुग्णालयात कोणी फुकट डबा हातावर ठेवला, तर तो या कायद्याचा भंग आहे, हे लक्षात ठेवावे.

नोकरी करणाऱ्या आईने काय करावे?

ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यात कारखान्यांत आणि संगणक कंपन्यांत हजारो बायका काम करतात. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी प्रसूतिरजा १२ वरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. परंतु कंत्राटावर काम करणाऱ्या पुष्कळ मुलींच्या पदरात प्रत्यक्षात हे पडत नाही. अशाच एका मुलीला दोन महिन्यांच्या आत कामावर जावे लागले. "मॅडम, आता बाटलीच ना?" तिने विचारले. तिचे डोळे भरून आले होते.

बाटली नको. आईने स्वच्छ हात धुऊन हाताने दूध काढायला शिकावे. पाच-सहा दिवसांत जमते, पैसा लागत नाही. उकळून घेतलेल्या स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात ते ठेवावे. घरातल्या हवेत चार तासांपर्यंत आणि फ्रिजच्या आतल्या भागात चोवीस तासांपर्यंत ते चांगले राहते. उन्हाळ्यात बाहेर त्याहूनही कमी वेळ ठेवावे. पाजताना भांडे गरम पाण्यात धरून कोमट करावे, गॅसवर उकळू नये. आणि पाजावे आपल्या जुन्या बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने. बाटलीचे बूच आणि निपल पूर्ण स्वच्छ करणे फार कठीण असते, त्यातून जुलाब होतात, आणि बाटलीची सवय झालेली काही बाळे स्तन धरायला कुरकुरतात. त्या मुलीच्या सासूबाईंनी बोंडले माळ्यावरून शोधून काढले. तिचा नवरा त्यातच तयार झाला होता! ती निघण्यापूर्वी एकदा पाजे, दुपारच्या सुट्टीत दूध काढी, घरी येताच बाळाला घेई आणि रात्री हवे तितके पाजी. सहा महिने तिने एकही डबा विकत आणला नाही.

अंगाची ऊब हे औषध आहे

१९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा येथे रुग्णालयात काचेच्या पेट्या कमी आणि अपुऱ्या दिवसांची बाळे जास्त, अशी परिस्थिती होती. तेथील डॉ. एडगर रे यांनी बाळांना आईच्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून उभे बांधायला सुरुवात केली. कांगारूच्या पिल्लाप्रमाणे म्हणून या पद्धतीला 'कांगारू मातृसेवा' असे नाव पडले. गरिबीतून निघालेला हा तोडगा पुढे श्रीमंत देशांनीही उचलला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांत झालेल्या मोठ्या अभ्यासात एक ते पावणेदोन किलोच्या सुमाराच्या बाळांना जन्मताच, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, कांगारू पद्धतीने ठेवले गेले. पहिल्या २८ दिवसांत या गटातील १२ टक्के बाळे दगावली, तर नेहमीच्या पद्धतीने आधी पेटीत ठेवलेल्या गटातील १५.७ टक्के. म्हणजे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा सर्व बाळांसाठी दिवसाला ८ ते २४ तास ही सेवा सुचवली.

आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. ऊब, अंगावरचे दूध, जंतुसंसर्ग वेळीच ओळखून औषध, या सर्वांचा मिळून परिणाम असा झाला की, त्या गावांतील नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे संशोधन लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

कांगारू सेवा फक्त आईनेच द्यावी असे नाही. बाबा, आजी, मावशी, कोणीही निरोगी माणूस छाती उघडी करून बाळाला घेऊ शकतो. आमच्याकडे सुरुवातीला वडील लाजतात. एकदा बाळ छातीवर झोपले की मग उठायला तयार नसतात!

पूर्ण दिवसांच्या बाळालाही जवळ घेऊन वावरायला काहीच हरकत नाही. मात्र काही पथ्ये पाळावीत. तीन-चार महिन्यांपर्यंत मानेला आधार हवा. कापडात किंवा पिशवीत बांधले असता बाळाचे नाक-तोंड सतत दिसले पाहिजे आणि हनुवटी छातीला टेकता कामा नये, कारण त्याने श्वास कोंडतो. पाय सरळ ताणून बांधू नयेत. बेडकासारखे फाकलेले, गुडघे वाकलेले पाय खुब्याच्या सांध्याला चांगले. आपली कडेवर घ्यायची रीत या दृष्टीने उत्तमच आहे. बाळ अंगाशी बांधून स्वयंपाक करू नये आणि दुचाकीवर तर मुळीच बसू नये. पाम बीच रस्त्यावर स्कूटरवर बाळ पोटाशी बांधून निघालेली जोडपी दिसतात, तेव्हा काळजात धस्स होते. हजारो रुपयांची परदेशी पिशवीच हवी असेही नाही. सुती ओढणी किंवा जुने लुगडे नीट बांधले तर तेवढेच काम करते.

झोळीविषयी दोन शब्द. दिवसा, नजरेसमोर, थोडा वेळ झोळीत घालायला हरकत नाही. पण खोल झोळीत बाळाचे शरीर दुमडते आणि हनुवटी छातीवर येते. अपुऱ्या दिवसांच्या आणि सर्दीने नाक चोंदलेल्या बाळाला त्यात झोपवू नये. हूक, दोरी आणि गाठ रोज तपासावी. आणि एक धोका लोकांच्या लक्षात येत नाही. मोकळ्या झोळीशी थोरले भावंड झोके घेते, गिरक्या घेते आणि कापडाचा पीळ गळ्याभोवती बसतो. अशा अपघातांत मुले दगावली आहेत. काम झाले की झोळी वर गुंडाळून ठेवावी.

बांधकामावरची बाई झोळी बांधते ती हौसेने नव्हे. धूळ, खडी आणि यंत्रांच्या मध्ये तिला दुसरी जागा नसते. अशा मुलांसाठी मुंबईत १९७२ पासून 'मोबाईल क्रेश' ही संस्था बांधकामाच्या जागीच पाळणाघरे चालवत आली आहे. आपल्या सोसायटीचे काम चालू असेल तर ठेकेदाराला एक सावलीची खोली आणि आईला पाजायला वेळ मागणे, एवढे आपणही करू शकतो.

रात्री बाळ कोठे झोपावे?

येथे आजी आणि पुस्तक यांचे खरे भांडण आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली दिलेला सल्ला असा की, निदान सहा महिने बाळ आईवडिलांच्याच खोलीत असावे, पण वेगळ्या बिछान्यावर. कारण झोपेत अचानक होणारे बाळमृत्यू आणि गुदमरणे एकाच पलंगावर जास्त दिसले. स्तनपानाचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मात्र २०२० साली सांगितले की, अंगावर पाजणारी, व्यसन नसलेली आई सुरक्षित बिछान्यावर बाळाला जवळ घेत असेल, तर तिला सरसकट मना करू नये, धोके समजावून सांगावेत. म्हणजे एका खोलीत असावे, याबद्दल दोघांचे एकमत आहे. वाद आहे तो एका बिछान्याचा.

वाद अर्धवट ऐकला तर काय होते ते सांगते. वाशीच्या एका आईने वाचले की, बाळाला पलंगावर घेणे धोक्याचे. म्हणून ती रात्री पाजायला बाहेर सोफ्यावर जाऊन बसे. तिसऱ्या आठवड्यात तिला तेथेच डोळा लागला. जाग आली तेव्हा बाळ तिच्या मांडीवरून घसरून गादीच्या आणि पाठीच्या मधल्या फटीत तोंड खुपसून पडले होते. ते निळसर झाले होते, पण उचलताच रडले. दैव बलवत्तर! पलंग टाळायला गेलेली ही माऊली त्याहून कितीतरी धोक्याच्या जागी जाऊन बसली होती. सोफा आणि आरामखुर्ची या बाळासह झोपायच्या सर्वांत वाईट जागा आहेत. डोळा लागण्याची शक्यता असेल तर बिछान्यावर पाजलेले बरे.

माझा सल्ला असा. सर्वांत चांगले म्हणजे आईच्या हाताच्या अंतरावर, आपल्या गादीला लागून, बाळाची वेगळी छोटी पातळ गादी. आपल्याकडे जमिनीवर झोपायची रीत आहे, ती येथे फार सोयीची. पडायची भीती नाही आणि हात लांब केला की बाळ. एकाच बिछान्यात घ्यायचे असेल तर पुढील गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाळाव्यात :

१. बाळ नेहमी पाठीवर, उताणे झोपवावे. पोटावर किंवा कुशीवर नको.

२. गादी घट्ट कापसाची असावी. मऊ फोमची, खड्डा पडणारी नको. भिंत आणि पलंग यांत फट नको.

३. बाळाजवळ उशी, लोड, जाड गोधडी, मऊ खेळणी नकोत. डोके गोल व्हावे म्हणून ठेवतात ती मोहरीची उशीही नको.

४. बाळ आईच्या बाजूला असावे, दोघांच्या मध्ये नाही आणि थोरल्या भावंडाच्या शेजारी तर नाहीच.

५. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, कोणी दारू घेतलेली असेल, झोपेची किंवा गुंगीची औषधे घेतली असतील, तर बाळ त्या बिछान्यात मुळीच नको. आई गरोदरपणात तंबाखू ओढत असेल तरीही नको.

६. अपुऱ्या दिवसांचे, अडीच किलोहून कमी वजनाचे बाळ वेगळ्या गादीवरच झोपवावे. पहिले चार महिने सर्वांनीच जास्त जपावे.

७. बाळाला फार गुंडाळू नये. आपल्यापेक्षा एखादा कपडा जास्त पुरे. डोके झाकणारे टोपडे झोपताना काढावे. खोलीत ओव्याची, वेखंडाची धुरी करू नये. डासांसाठी मच्छरदाणी उत्तम.

एकाच खोलीत पाच-सहा माणसे झोपतात अशी घरे आपल्याकडे कमी नाहीत. तेथे बाळाची गादी भिंतीच्या कोपऱ्यात, आईच्या पलीकडच्या बाजूला, मोकळी राहील अशी घालावी. पाचवे कलम घरच्या पुरुषांनी वाचावे. दारू पिऊन आलेल्या बापाने बाळाशेजारी झोपू नये, हे सांगायला बाई बिचकते. ते आजीने सांगावे. आजीचे ऐकतात.

सारा भार आईवरच का?

या पद्धतीवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मला रास्त वाटतो. पाजायचे आईने, घ्यायचे आईने, रात्री जागायचे आईने, आणि वर माया कमी पडते की काय याची धास्तीही तिनेच बाळगायची. आपल्या जुन्या घरांत बाळ आजीकडून आत्याकडे, आत्याकडून काकूकडे फिरत असे. आई फक्त पाजायला घेई आणि मधल्या वेळात झोपत असे. दोन माणसांच्या घरात ते हात उरले नाहीत. म्हणून ढेकर काढणे, अंघोळ, दुपटी, कडेवर घेऊन फेऱ्या मारणे ही कामे वडिलांची आहेत, मदत म्हणून नव्हे तर वाटणी म्हणून.

ज्या आईला सिझेरियननंतर वेदना आहेत, जिला दूध खरोखरच कमी येते, जिला आजारामुळे पाजता येत नाही, तिचे नाते कच्चे राहत नाही. नाते जुळते ते बाळाच्या हाकेला ओ मिळते म्हणून, आणि ओ वाटीनेही देता येते. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांहून जास्त काळ सारखे रडू येत असेल, बाळ नकोसे वाटत असेल, झोपायला मिळूनही झोप येत नसेल, मनात वेडेवाकडे विचार येत असतील, तर हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये आणि घरच्यांनी तिला "नखरे" म्हणू नये.

बाळ दूध ओढत नसेल, फार सुस्त असेल, अंग थंड किंवा तापलेले असेल, मिनिटाला साठहून जास्त श्वास घेत असेल, छाती आत ओढली जात असेल, आकडी आली असेल किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, तर मात्र कडेवर घेऊन फेऱ्या मारत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे, आणि जाताना बाळ आईच्या अंगाशी उबेत न्यावे.

तेव्हा हाताची सवय लागेल ही भीती मनातून काढून टाका. बाळ रडले की घ्या, मागेल तेव्हा पाजा, जवळ पण जपून झोपवा. सहा-सात महिन्यांचे झाले की ते स्वतःच हातातून खाली उतरायला धडपडू लागते आणि पुढे वर्षभरात तर बोलावूनही जवळ येत नाही.

पुढील आठवड्यात : सहा महिन्यांनंतर बाळाचे वरचे अन्न.